आठ मोटारींची एक बैलगाडी : सिग्नलला कोण दिसते, याचा इतिहास

१/
१९९० साली ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेने ग्रामीण रस्त्यांची क्षमता मोजण्यासाठी मार्गदर्शिका क्रमांक ६४ प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक वाहनाचे मोल मोटारीच्या मापात दिले होते. मोटार १, दुचाकी ०.५, ट्रक किंवा बस ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५ आणि बैलगाडी ८. एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी! चौकातील दिव्याला कोणते वाहन दिसते आणि कोणते दिसत नाही, याच्या दीड शतकाच्या इतिहासात या आकड्याला विशेष स्थान आहे.

२/
बीड जिल्ह्यात हा आकडा केवळ कागदावर राहत नाही. ऊसतोड कामगारांचा जिल्हा ही त्याची ओळख. दिवाळीच्या सुमारास येथील कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. माजलगाव, अंबाजोगाई, परळी या परिसरांतही साखर कारखाने आहेत. हंगामात ऊस ट्रकमधून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणि बैलगाडीतूनही वाहिला जातो. त्याच जिल्ह्यातून धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा २११ व आताचा ५२, गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा जातो. मांजरसुंब्यास त्याला पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता मिळतो. अशा ठिकाणी दोन युगांचे वेग एकमेकांना छेदतात.

३/
रस्त्यावरील पहिला सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये लंडनच्या संसदभवनाजवळ उभा राहिला. रचना रेल्वेच्या सिग्नलची होती: दिवसा हलणारे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. ते फिरवण्यास पोलीस शिपाई नेमला होता. महिनाभरातच गॅसचा स्फोट होऊन शिपाई जखमी झाला आणि प्रयोग बंद पडला. यंत्र सदोष असले, तरी त्यामागे एक गोष्ट होती जी पुढच्या यंत्रांत राहिली नाही. दिवा बदलण्यापूर्वी शिपाई चौकात कोण अडकले आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकत होता.

४/
१९१४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे विजेचे सिग्नल आले, १९२० मध्ये डेट्रॉइट येथे तिरंगी दिवे. १९२८ मध्ये बाल्टिमोर येथे चार्ल्स ॲडलर यांनी एक चमत्कारिक सिग्नल बसवला. लाल दिव्यापाशी थांबलेल्या चालकाने भोंगा वाजवला की तो आवाज टिपून दिवा बदलण्याची व्यवस्था त्यात होती. वाहनाची दखल घेणारा हा आरंभीचा सिग्नल होय. मात्र त्याची दखल मिळवण्यासाठी भोंगा लागत असे. घोड्याच्या गाडीला तेथे उच्चार नव्हता.

५/
खरे वळण १९५८ साली आले. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील एफ. व्ही. वेबस्टर यांनी सिग्नलच्या आवर्तनाचे सूत्र मांडले. दिवे बदलण्यात वाया जाणारी सेकंदे दीडपट करून त्यांत ५ मिळवायचे आणि आलेल्या संख्येस, चौकाचा जेवढा भाग वाहतुकीने व्यापलेला नाही त्या अपूर्णांकाने भागायचे. वाया जाणारा वेळ १० सेकंद आणि व्याप ०.७५ असेल, तर आवर्तन २० भागिले ०.२५, म्हणजे ८० सेकंदांचे. वाहनांना होणाऱ्या विलंबाचे सूत्र बसवताना वेबस्टर यांनी संगणकावर वाहतुकीची प्रतिकृतीही चालवली होती. रस्त्याची नक्कल करून दिव्याची वेळ ठरवण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

६/
या सूत्राला प्रत्येक वाहनाचे मोल मोटारीच्या मापात हवे असते. वेबस्टर आणि कॉब यांच्या १९६६ च्या पुस्तिकेत ते दिले आहे: बस २.२५, ट्राम २.५, मालवाहू ट्रक १.७५, मोटारसायकल ०.३३, सायकल ०.२. इंग्लंडच्या रस्त्यावर जे होते ते तक्त्यात आले. बैलगाडी तेथे नव्हती, म्हणून तक्त्यातही नव्हती. भारताने १९८५ च्या मार्गदर्शिका क्रमांक ९३ मध्ये सिग्नलची पद्धत वेबस्टर यांच्याच धर्तीवर स्वीकारली. पाच वर्षांनी क्रमांक ६४ मध्ये, चौकासाठी नव्हे तर मोकळ्या ग्रामीण रस्त्यासाठी, ८ हा आकडा नोंदला गेला.

७/
आता हा आकडा, उदाहरणादाखल, वेबस्टर यांच्या सूत्रात घालून पाहावा. सात मीटर रुंद रस्त्यावरून हिरव्या दिव्यात तासाला ५२५ गुणिले ७, म्हणजे ३,६७५ मोटारी जाऊ शकतात. त्या रस्त्यावर तासाला दहा बैलगाड्या वाढल्या, तर ८० मोटारींचा भार वाढला, व्याप ०.७५ वरून सुमारे ०.७७ झाला. आवर्तन ८० सेकंदांवरून सुमारे ८८ सेकंदांवर गेले. सूत्राच्या लेखी विषय संपला: आठ सेकंद, आणि तेही साऱ्या दिशांत वाटलेले.

८/
चौकात मात्र वेगळे घडते. चौकाची रुंदी २० मीटर, बैलांसह गाडीची लांबी ६ मीटर आणि वेग ताशी ४ किलोमीटर धरल्यास गाडी पूर्ण बाहेर पडण्यास सुमारे २३ सेकंद लागतात. ताशी ३० किलोमीटरने जाणारी मोटार तेच तीन सेकंदांत करते. पिवळा दिवाही साधारण तीन सेकंदांचाच असतो. म्हणजे हिरव्याच्या शेवटच्या क्षणी शिरलेली मोटार सुटते. बैलगाडी चौकाच्या मध्यावरही पोहोचलेली नसताना आडव्या महामार्गाला हिरवा मिळतो. तासाची सरासरी बरोबर असते आणि त्या क्षणी गाडीवानाचा व बैलांचा जीव धोक्यात असतो.

९/
सरासरीकडून क्षणाकडे नेणारे साधन पुढे संगणकाने दिले. जर्मनीच्या अंतराळ व विमानविद्या केंद्राने, म्हणजे डीएलआरने, विकसित केलेली ‘सुमो’ ही वाहतूक-प्रतिकृतीची प्रणाली २००१ पासून सर्वांना मुक्तपणे उपलब्ध आहे. तीत प्रत्येक वाहन स्वतंत्र असते आणि काळ साधारणतः एकेका सेकंदाने पुढे सरकतो. प्रत्येक सिग्नलला स्वतःची ओळख असते, आणि त्याची स्थिती अक्षरांच्या एका ओळीत लिहिलेली असते. एक अक्षर म्हणजे चौकातून जाण्याची एक वाट. हिरव्यास ‘हि’ आणि लालास ‘ला’ म्हटले, तर चार वाटांच्या चौकाची एक अवस्था ‘हि ला हि ला’ अशी होईल.

१०/
‘ट्रासी’ नावाच्या जोडणीमुळे बाहेरचा प्रोग्रॅम या चालत्या प्रतिकृतीशी बोलू लागला. ल्युबेक विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये ती मांडली. प्रत्येक सेकंदाला विचारता येते: या वाटेवर कोण आहे, कोणत्या वेगाने येत आहे? उत्तर पाहून त्या एकाच सिग्नलची चालू अवस्था लांबवता येते, पुढची आणता येते, किंवा अक्षरांची संपूर्ण ओळ बदलता येते. शेजारचे सिग्नल आपापल्या वेळापत्रकाने चालत राहतात. १८६८ च्या शिपायाचे डोळे अशा रीतीने दिव्याला परत मिळाले.

११/
त्याबरोबर शिपायाची जबाबदारीही आली. अक्षरांची ओळ बाहेरून बदलली की त्या सिग्नलचे मूळ वेळापत्रक थांबते आणि पुढची आज्ञा येईपर्यंत तो तसाच राहतो. हिरव्यानंतर थेट लाल लिहिले, तर मधला पिवळा प्रणाली आपणहून घालत नाही. साऱ्या दिशा लाल ठेवून चौक रिकामा होऊ देण्याची सेकंदेही लिहिणाऱ्यालाच लिहावी लागतात. मांजरसुंब्यासारख्या चौकाची प्रतिकृती करणाऱ्याने २३ सेकंदांचा विचार केला नाही, तर तो दुसरा कोणीही करत नाही.

१२/
त्याआधीही एक अडचण आहे. सुमोच्या वाहनवर्गांच्या यादीत ट्राम आहे, जहाजही आहे, बैलगाडी नाही. लांबी, रुंदी, कमाल वेग, वेग वाढण्याचे प्रमाण हे देऊन ती स्वतः घडवावी लागते. शिवाय मूळ प्रतिकृतीत वाहने लेनमध्ये एकामागे एक चालतात. ट्रॉलीच्या बगलेतून पुढे जाऊन दिव्यापाशी गोळा होणाऱ्या दुचाकी तीत बसत नाहीत. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये या प्रश्नावर काम झाले. तेथील ‘सिमट्रॅम’ ही प्रणाली सुमोच्याच पायावर उभी आहे. तीत लेन अरुंद पट्ट्यांत विभागली आहे, म्हणजे प्रत्येक वाहन आपल्या रुंदीइतके पट्टे व्यापते आणि उरलेल्या जागेतून दुसरे जाऊ शकते. इंग्लंडच्या तक्त्यात न मावलेला रस्ता महाराष्ट्रातील एका संस्थेने संगणकात बसवण्याचा प्रयत्न केला.

१३/
तरीही शेवटचा निर्णय यंत्राचा नसतो. ‘सर्व वाहनांचा सरासरी विलंब कमीत कमी’ हे उद्दिष्ट दिले, तर प्रणाली बैलगाडीला एक वाहन धरते आणि तिच्यासाठी वीस मोटारींना थांबवणे तिला तोट्याचे वाटते. ‘चौकात कोणी असताना आडवा हिरवा नाही’ अशी अट आधी घातली, तर तोच सिग्नल गाडी बाहेर पडेपर्यंत थांबतो. दोन्ही प्रोग्रॅम निर्दोष असू शकतात. फरक असतो तो कोणाची गणती कशी केली, याचा.

१४/
भोंग्याने हाक मारणाऱ्यास बाल्टिमोरचा दिवा ओळखत होता, तक्त्यात नाव असलेल्यास वेबस्टरचे सूत्र, आणि नोंदवलेल्या वाहनास सुमोची अक्षरांची ओळ. ८ हा आकडा लिहिणाऱ्यांनी निदान बैलगाडीची दखल घेतली. तिला सुखरूप पलीकडे जाऊ देणारी २३ सेकंदे लिहिणे, हे त्यापुढचे काम आहे.