मूर्तिजापूर–अचलपूर लोहमार्ग : मालकी, संचालन आणि सेवा

अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या अभ्यासकास ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे परिचित आहे. दौलतराव शिंदे व आर्थर वेलस्ली यांच्यातील त्या तहाने उत्तर हिंदुस्थानातील सत्तेचा तोल बदलला. परंतु खुद्द अंजनगावच्या आर्थिक जीवनावर ज्या कराराचा अधिक काळ परिणाम राहिला, तो मात्र इतिहासग्रंथांत क्वचितच आढळतो. मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद लोहमार्गाविषयीचा तो करार होय. या मार्गावरील गाडी पुढे ‘शकुंतला’ या नावाने प्रसिद्धीस आली. तिच्याभोवती अद्‍भुतरम्य आख्यायिका जमल्या, आणि मूळ प्रश्न बाजूस राहिला.

वऱ्हाडातील लोहमार्गांची आखणी कापसाने ठरविली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसास विलायतेत मोठी मागणी आली. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० च्या सुमारास खामगाव व अमरावती या बाजारपेठा आखूड शाखांनी मुख्य मार्गास जोडल्या गेल्या. पूर्णेच्या खोऱ्यातील दर्यापूर, अंजनगाव व अचलपूर हा सुपीक पट्टा मात्र मुख्य मार्गाच्या उत्तरेस दूर राहिला. तेथील कापूस मूर्तिजापूरपर्यंत बैलगाडीनेच न्यावा लागे, आणि काळ्या जमिनीवरील वाटा पावसाळ्यात जवळजवळ बंद पडत.

ही उणीव भरून काढण्याचे काम मुंबईच्या किलिक निक्सन आणि कंपनी या पेढीने हाती घेतले. १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतर मूर्तिजापूरहून अडीच फुटी रुळांच्या दोन शाखा निघाल्या. त्यांपैकी यवतमाळची सुमारे ११३ किलोमीटर व अचलपूरची सुमारे ७६ किलोमीटर होती. अंजनगाव दुसऱ्या शाखेवर आले. पुलगाव–आर्वी हा मार्गही याच कंपनीचा. रूळ कंपनीचे, गाड्या चालविणार मोठी रेल्वे, आणि उत्पन्नातील ठरावीक वाटा कंपनीस, अशी व्यवस्था होती. परकीय अमदानीत शाखामार्गांसाठी भांडवल उभे करण्याची ही रूढ पद्धत असल्याने तत्कालीन दृष्टीने तीत विलक्षण असे काही नव्हते.

ही व्यवस्था विलक्षण ठरली ती पुढील घटनांमुळे. १९२५ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला आणि १९५१ साली तिच्यातून मध्य रेल्वे निर्माण झाली. चालविणारा बदलला, परंतु रुळांची मालकी होती तेथेच राहिली. या मार्गावर आजही इंग्रजांचे राज्य आहे, असे विधान वृत्तपत्रांतून वारंवार केले गेले, ते मात्र तपासून घ्यावयास हवे. स्वातंत्र्योत्तर काळात किलिक निक्सन भारतीय भांडवलदारांच्या हाती आली होती. तेव्हा येथे टिकून राहिला तो वसाहतकालीन करार होता, वसाहतवादी मालक नव्हे. हा भेद लक्षात न घेतल्यास दोष परक्यांच्या माथी मारून अभ्यासक मोकळा होतो, आणि करार इतका काळ का चालू राहिला, हा खरा प्रश्न अनुत्तरित राहतो.

कराराचे परिणाम सेवेत स्पष्ट दिसतात. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून सुमारे सत्तर वर्षे गाडी ओढीत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. तिकिटे देणे, फाटक लावणे व उघडणे ही कामे गाडीबरोबरचे मोजके नोकरच करीत. वेग अल्प होता, पण भाडे बसच्या मानाने फारच थोडे असल्याने मजूर, बाजारकरी व विद्यार्थी यांचा तिच्यावर भर होता. कापूस मोटारमार्गाकडे वळल्यावर मालाचे उत्पन्न आटले. ज्या मालमत्तेचा आपण स्वामी नाही तीत पैसा घालण्याचे रेल्वेस कारण नव्हते, आणि ज्या मार्गाचा वाटा विनासायास मिळतो त्यावर खर्च करण्याचे कंपनीस प्रयोजन नव्हते.

याच पेढीच्या दुसऱ्या व्यवसायाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक उजळतो. कोकण किनाऱ्यावर उतारू नेणाऱ्या बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा कारभारही किलिक निक्सनकडे होता. तेथे स्वदेशीच्या चळवळीच्या काळात प्रतिस्पर्धी देशी कंपनी उभी राहिली आणि तिच्या आगबोटींना रामदास, तुकाराम अशी संतांची नावे मिळाली. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेंहून अधिक माणसे दगावली, म्हणजे स्पर्धेने सुरक्षितता आपोआप येते असे नाही. परंतु जलमार्ग कोणाच्या मालकीचा नसतो. जुनी नौका गेली तरी नवी येऊ शकते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारींसह उतारू नेणारी नौका सुरू झाली, ती त्याच खाडीमुखातून. अंजनगावच्या प्रवाशास असा पर्याय नव्हता, कारण रूळ एकच होते व ते कराराने बांधलेले होते.

२०१६ साली हा मार्ग रुंद करण्याची घोषणा झाली आणि पुढील वर्षांत दोन्ही शाखांवरील अरुंद मार्गाच्या गाड्या थांबल्या. ‘शकुंतला’चा इतिहास हा केवळ एका संथ गाडीविषयीच्या जिव्हाळ्याचा इतिहास नाही. लाभ एकाकडे, भार दुसऱ्याकडे आणि गरज तिसऱ्याची असली म्हणजे सार्वजनिक सेवा कशी झिजत जाते, याचे ते वऱ्हाडातील उदाहरण आहे. प्रादेशिक आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने तहनाम्यांइतकेच लक्ष अशा करारनाम्यांकडेही पुरविणे अगत्याचे आहे.