प्रथिनाचे आयुष्य आणि पेशीचे भवितव्य : लखनौमधील एका संशोधनाची कथा

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे नाव निघाले की ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी आठवते. गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी वास्तूत १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झालेल्या या संस्थेने रोगप्रतिकारक पेशींच्या जडणघडणीवरही मोलाचे काम केले आहे. त्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

अस्थिमज्जेतील मूळपेशीपासून कोणती रक्तपेशी घडावी, हे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर ठरवतात. डीएनएला चिकटून जनुकांचे कार्य चालू-बंद करणारी ही प्रथिने. त्यांपैकी सीईबीपी-अल्फा प्रथम हाती लागले ते १९८०च्या दशकात, बाल्टिमोर येथे स्टीव्हन मॅकनाइट यांच्या प्रयोगशाळेत, आणि तेही उंदराच्या यकृतात! रक्ताशी असलेले त्याचे नाते पुढे उलगडले. हे जनुक नसलेल्या उंदरांत, जंतूंवर सर्वप्रथम धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी पक्वच होत नाहीत, असे डॅनियल टेनेन यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवले. २००१ मध्ये तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या काही रुग्णांत याच जनुकातील उत्परिवर्तने आढळली. अपक्व पेशींची बेसुमार वाढ हेच या आजाराचे स्वरूप.

परंतु ल्युकेमियात जनुक शाबूत असूनही हे प्रथिन उणे पडू शकते. ते कसे? कोणत्याही साठ्याचा विचार करताना भौतिकशास्त्र आवक आणि जावक दोन्ही मोजते. पेशीतील प्रथिनालाही तोच हिशेब लागू पडतो.

अरुण कुमार त्रिवेदी यांच्या लखनौमधील गटाने २०१३ मध्ये या जावकेचा एक मार्ग दाखवून दिला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील संशोधनातून परिचित झालेले ई६एपी हे विकर सीईबीपी-अल्फावर युबिक्विटिनची खूण करते, आणि खूण झालेले प्रथिन पेशीतील प्रोटिओसोम नष्ट करते. विकरातील ८४३व्या स्थानावरचे सिस्टीन काढून तेथे अ‍ॅलनिन बसवताच ते निष्क्रिय झाले आणि सीईबीपी-अल्फा टिकून राहिले. हे प्रथिन मुद्दाम घातलेल्या ल्युकेमियाच्या पेशी मग पक्वतेच्या वाटेवर अधिक पुढे गेल्या.

हे प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचे आहेत. यातून औषध सिद्ध झालेले नाही. शिवाय मेंदूत हेच विकर नसेल तर बालकांना अँजेलमन सिंड्रोम होतो. म्हणजे ते सरसकट बंद करून चालणार नाही. तथापि पेशीचे भवितव्य जनुकाच्या आज्ञेइतकेच प्रथिनाच्या आयुर्मानावरही अवलंबून असते, हे या कामाने स्पष्ट केले. ल्युकेमियावर उपाय शोधणाऱ्यांना म्हणूनच या दोन्ही टोकांचा विचार करावा लागेल.