क्षमाबाईंचे टेनिस

आधुनिक संस्कृत साहित्याच्या इतिहासात पंडिता क्षमाबाई राव यांना काही पाने मिळतात आणि त्यांत त्यांच्या टेनिसला एक वाक्य मिळते. भारतीय टेनिसच्या इतिहासात त्यांची कन्या लीला राव यांना एक परिच्छेद मिळतो आणि त्यात आईच्या संस्कृतला एक वाक्य मिळते. ही दोन्ही वाक्ये ‘याशिवाय’ या शब्दाने सुरू होतात. गेली काही वर्षे मी ती शेजारीशेजारी ठेवून वाचतो आहे, आणि या ‘याशिवाय’वर माझा आक्षेप आहे.

तुलनेसाठी आधी एका इंग्रज बाईकडे जाऊ. लॉटी डॉड १८८७ मध्ये विम्बल्डनची विजेती झाली तेव्हा तिला सोळा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. इतर खेळाडू पायघोळ झग्यांत खेळत. ही शाळकरी मुलगी असल्याने तिला आखूड झगा चालून गेला आणि ती मोकळेपणी धावू शकली. १८९३ पर्यंत तिने विम्बल्डन पाच वेळा जिंकले आणि मग स्पर्धात्मक टेनिस सोडून दिले. इंग्लंडकडून हॉकी खेळली, गोल्फ शिकली. १९०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ट्रून येथे तिने ब्रिटिश महिलांचे हौशी गोल्फ अजिंक्यपदही मिळवले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्येचे रौप्यपदक तिच्या नावावर आहे. तिचे चरित्र लिहिणारा कुणीही टेनिस खरे आणि गोल्फ विरंगुळा, अशी विभागणी करत नाही. एकाच बाईची ती एक कारकीर्द मानली जाते.

आपल्याकडेही खेळ बदलून मोठे झालेले लोक आहेत. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिसपटू होते. राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये परदेशात आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. पण नाटेकर गेले ते एका रॅकेटवरून दुसऱ्या रॅकेटकडे. क्षमाबाई गेल्या त्या रॅकेटवरून अनुष्टुभाकडे. एवढे अंतर इतिहासकारांना झेपलेले दिसत नाही.

क्षमाबाईंचा जन्म ४ जुलै १८९० चा, पुण्याचा. वडील शंकर पांडुरंग पंडित हे वेदांचे आणि प्राकृताचे मोठे अभ्यासक. ‘वेदार्थयत्न’ त्यांनी चालवले, सायणभाष्यासह अथर्ववेद संपादला, आणि विष्णुशास्त्री पंडितांबरोबर इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामबोवांची ती गाथा काढली, जिच्यासाठी मुंबई सरकारने २४ हजार रुपये दिले होते. ते १८९४ मध्ये वारले तेव्हा क्षमा चार वर्षांचीही नव्हती. म्हणजे वडिलांकडून संस्कृत शिकण्याचा प्रश्नच नव्हता. ते पुढे कष्टाने मिळवावे लागले. लग्न मुंबईच्या डॉ. राघवेंद्र राव यांच्याशी झाले. ते नामांकित डॉक्टर आणि जंतुशास्त्रातले संशोधक. पतीबरोबर युरोपचे प्रवास झाले, युरोपीय भाषा आल्या.

आता तारखा पाहा. १९२७ मध्ये क्षमाबाईंनी मुंबई इलाख्याच्या हार्ड कोर्ट टेनिस स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळवले. तेव्हा त्या छत्तिशी ओलांडलेल्या होत्या आणि घरात पंधरा वर्षांची मुलगी होती. आमच्या बीड जिल्ह्यात खो-खो, कबड्डीत जिल्हा-विभाग गाजवलेल्या किती मुली लग्नाचा टिळा लागताच मैदानाला पाठमोऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. हे चित्र डोळ्यांसमोर असल्यामुळे असेल, पण त्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. दवाखाना चालणारे सुखवस्तू घर, मुंबईतले वास्तव्य आणि क्लबांची दारे उघडी असणे, हे सगळे त्यांना लाभले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. लाखातल्या एकीला ते मिळत होते. पण मिळालेल्या एकीने त्याचे काय केले, हेही नोंदवायला नको का?

आणि मग १९३२. महात्मा गांधींच्या लढ्यावरचे ‘सत्याग्रहगीता’ हे त्यांचे काव्य पॅरिसमध्ये छापले गेले. इंग्रजांच्या राज्यात असला मजकूर छापणे धोक्याचे होते. गीतेसारखे अठरा अध्याय, गीतेचाच अनुष्टुभ, आणि विषय कालपरवाच्या वर्तमानपत्रातला! मिठाचा कायदा देवभाषेत आणायचा म्हणजे शब्दच नवे घडवावे लागतात. पुढच्याच वर्षी ‘कथापञ्चकम्’ आले. त्यातल्या कथा पद्यात असल्या तरी दुःखे त्या काळातल्या बायकांची आहेत. अजिंक्यपद आणि महाकाव्य यांच्यात अंतर आहे फक्त पाच वर्षांचे. तरुणपणी टेनिस आणि उतारवयात काव्य, असा क्रम लावून जी छोटी चरित्रे लिहिली जातात, त्यांना या तारखा साथ देत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वयातल्या, एकाच घरातल्या आहेत.

मला वाटते, अडचण क्षमाबाईंची नाही, ‘पंडिता’ या शब्दाची आहे. पंडिता म्हटले की आपल्याला पाटावर बसलेली, समोर पोथी असलेली बाई दिसते. धापा टाकणारी, घामाघूम, चेंडूमागे धावणारी बाई त्या चौकटीत मावत नाही. मग तिला ‘खेळाचीही आवड होती’ म्हणून बाजूला बसवायचे. स्पर्धा जिंकण्याला आवड म्हणत नाहीत. नाटेकरांच्या खेळाला आपण म्हणतो का?

त्यानंतरचे लेखन दोन दशके चालले. १९३७ च्या त्रिवेंद्रमच्या प्राच्यविद्या परिषदेला जाऊन आल्यावर ‘विचित्रपरिषद्यात्रा’ लिहिली. विद्वानांच्या मेळाव्याची संस्कृतातच फिरकी घेणारे हे छोटे पुस्तक माझे विशेष लाडके आहे. १९३९ मध्ये वडिलांचे चरित्र ‘शङ्करजीवनाख्यानम्’. मग मीरा, तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर. मी राहतो त्या परळीपासून अंबाजोगाई तासाभरावर आहे. मुकुंदराजांनी संस्कृतातले तत्त्वज्ञान मराठीत उतरवले असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. क्षमाबाईंनी उलटी वाट धरली आणि मराठी संतांना संस्कृतात नेले. हा प्रयोग वाचकांच्या दृष्टीने कितपत सफल झाला याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. तुकोबांचा रोखठोकपणा त्या भाषेत जरा सोवळे नेसतो. पण ज्या माणसाने तुकारामांची गाथा संपादली त्याच्या मुलीने १९५० मध्ये ‘तुकारामचरितम्’ लिहावे, हे निव्वळ साहित्यिक काम नव्हे. चार वर्षांची होण्याआधी गमावलेल्या वडिलांशी धरलेला तो संवाद आहे. क्षमाबाई २२ एप्रिल १९५४ रोजी गेल्या.

लीला राव यांच्याकडे या घराचे दोन्ही वारसे आले. १९३४ मध्ये विम्बल्डनला पहिल्या फेरीत त्यांनी ग्लॅडिस साउथवेल यांना ४-६, १०-८, ६-२ असे हरवले आणि तिथे एकेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. पहिला सेट गेलेला. तेव्हा टायब्रेकर नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळतच राहायचे. दुसऱ्या सेटचे अठरा गेम झाले. मधल्या एखाद्या गेममध्ये पाय जड झाले असते तर तो सामना तिथेच संपला असता. पुढच्या फेरीत त्या हरल्या. मायदेशी अखिल भारतीय स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद त्यांनी एकाहून अधिक वेळा मिळवले.

पुढे हरीश्वर दयाळ या सनदी अधिकाऱ्याशी त्यांचे लग्न झाले. ते नंतर नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते. लीलाबाईंनी मणिपुरी नृत्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. आणि आईच्या संस्कृत कथा घेऊन त्यांची संस्कृतातच नाटके केली. एक-दोन नव्हे, वीसहून अधिक. त्यांतल्या एकाचे नाव ‘बालविधवा’ आहे.