लावा पक्ष्यांना किडे चारताय? आधी फवारणीची चौकशी करा

परसात पाळलेला जपानी लावा, म्हणजेच बटेर, किडा दिसला की तुटून पडतो. किड्यांत प्रथिनं भरपूर असतात. पिल्लांच्या वाढीला, अंड्यांना आणि पिसं गळून नवी येताना त्याचा फायदा होतो. पण किडा हा खाऊ आहे, रोजचं खाद्य नव्हे.

किती द्यायचे?
मोठा लावा दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम खाद्य खातो. त्यात किडे २-३ ग्रॅमच, तेही आठवड्यातून दोन-तीन वेळा. बहुतेक किड्यांत कॅल्शियम कमी असतं, म्हणून अंड्यावरच्या माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा.

कोणते चालतात?
वाळवी, नाकतोडे, छोटे रातकिडे. वाळवीसाठी मडक्यात वाळलेलं शेण आणि ओलं गोणपाट भरून वाळवीच्या जागी उपडं ठेवा. एक-दोन दिवसांत वाळवी आत चढते. नाकतोड्याचे मागचे पाय काढा. पिल्लांना बारीक करूनच द्या.

कोणते टाळायचे?
फवारलेल्या रानातला किडा अजिबात नको. फवारणीनंतर सुस्त पडलेले किडे गोळा करायला सोपे, आणि तेच सगळ्यात घातक. शेजारच्यानं बांधापलीकडं फवारलं का, तेही विचारा. केसाळ अळ्या आणि बाजरीवरचे हिंगेही नकोत. मेलेल्या जनावरावरच्या अळ्या खाल्ल्यानं मान लुळी पडून पक्षी दगावू शकतो.

पक्षी मलूल दिसले तर किडे लगेच बंद करा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.