मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मेंदूचे गतिजाल : एका प्रश्नाचा इतिहास

एखाद्या रोगाचा इतिहास म्हणजे केवळ त्याच्या कारणांच्या शोधाचा इतिहास नव्हे; पुरावा कशास म्हणावयाचे, या प्रश्नाचाही तो इतिहास असतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी शवविच्छेदनात आढळणारे कठीण चट्टे आणि रुग्णाच्या हयातीत दिसलेली लक्षणे यांची सांगड घातली, आणि मज्जातंतूंवरील मायेलिनचे वेष्टण ठिकठिकाणी नष्ट करणाऱ्या या विकारास स्वतंत्र स्थान मिळाले. चट्टा हाच पुरावा, ही धारणा पुढे शतकभर टिकली.

हा रोग थंड प्रदेशांतील युरोपीय वंशीयांचा, उष्ण देशांत विरळा, असे पाठ्यग्रंथ सांगत असत. महाराष्ट्रात या समजुतीची कसोटी लागली ती मुंबईत. १९५७ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभारणारे डॉ. नोशीर वाडिया यांनी भाटिया यांच्यासह १९९० साली पारशी समाजातील या रोगाचे प्रमाण प्रसिद्ध केले. ते दर लाखास वीसाहून अधिक होते. हवामान तेच, शहर तेच, परंतु प्रमाण भोवतालच्या लोकांहून बरेच अधिक. केवळ अक्षांशावरून रोगाचा विचार करणे अपुरे आहे, हे यावरून दिसले. मात्र आनुवंशिकता हेच एकमेव कारण, असा निष्कर्षही त्यातून निघत नाही. हेच महाविद्यालय पुढे, १९९८ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आले.

दरम्यान चट्टा पाहण्याचे साधन पालटले. १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील यंग व सहकाऱ्यांनी दहा रुग्णांची तपासणी केली. सी. टी. चित्रणात १९ चट्टे दिसले. चुंबकीय अनुनादाने ते तर दाखविलेच, शिवाय आणखी ११२ दाखविले. तथापि नवीनच कोडे उभे राहिले. चट्टे पुष्कळ असूनही एखादा रुग्ण नीट चालतो, तर थोडे असूनही दुसरा अंथरुणास खिळतो. चट्ट्यांची मोजणी आणि अपंगत्व यांचा मेळ बसेना.

याचे उत्तर शोधताना दृष्टी चट्ट्यावरून मेंदूच्या भागांमधील संबंधांकडे वळली. १९९५ साली भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे दाखविले की, मनुष्य स्वस्थ पडून असतानाही उजव्या व डाव्या गतिक्षेत्रांतील रक्तप्राणवायूनिगडित संकेताचे मंद चढउतार परस्परांशी जुळलेले असतात. २००२ साली लो व सहकाऱ्यांना मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत हा मेळ क्षीण आढळला. दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतूंचा सेतू या रोगात वारंवार बाधित होतो, हे ध्यानात घेता ते स्वाभाविकच होय. उलट, २००० साली ऑक्सफर्डच्या रेड्डी व सहकाऱ्यांना बोटे हलविताना त्याच बाजूच्या गतिक्षेत्राचाही सहभाग वाढलेला दिसला. हा वाढता सहभाग म्हणजे मेंदूने केलेली भरपाई की व्यवस्थेच्या ढासळण्याचे चिन्ह, हा वाद त्यातूनच उपजला. चित्रातील वाढ ही नेहमीच सुधारणा नसते, हे त्याचे मर्म होय.

आपल्याकडील अभ्यासकाने आणखी एक सावधगिरी बाळगावयास हवी. २००४ साली न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या निराळ्या विकाराशी निगडित प्रतिपिंड ज्ञात झाले. त्यापूर्वी आशियातील अनेक रुग्णांस मल्टिपल स्क्लेरोसिसचेच निदान दिले गेले होते. जुन्या नोंदींचा आधार घेऊन गतिजालाचे नियम बांधावयाचे, तर प्रथम त्या नोंदी नव्या निकषांवर पारखल्या पाहिजेत. शार्को यांनी शय्येपाशी केलेले निरीक्षण आणि यंत्राने घेतलेले चित्र यांपैकी एकही एकट्याने पुरेसे नाही. चित्रावरून काढलेला निष्कर्ष रुग्णाच्या प्रत्यक्ष हालचालीशी ताडून पाहणे, हीच त्याची अखेरची कसोटी होय.