जालन्याचे बेथेल : तरुण पाळकांसाठी जुन्या इतिहासातील पाच गोष्टी



जालना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाजारपेठ उभी राहते. ‘जालना, सोने का पालना’ असे जुने लोक म्हणत आले. सरकी, बी-बियाणे, मोसंबी आणि आता लोखंडाचे कारखाने, अशी या गावाची ओळख. पण या जालन्याच्या शिवारात एक वेगळे पीक शंभर-सव्वाशे वर्षांच्याही आधी पेरले गेले होते. ते पीक म्हणजे बेथेल नावाची वसाहत आणि तेथली ख्रिस्ती मंडळी. आज मी विशेषतः तरुण पाळकांशी बोलणार आहे. तरी शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी रेडिओ बंद करू नये. माणसांचा समुदाय निरोगी कसा राहतो, हा प्रश्न देवळाचा, शाळेचा, सोसायटीचा आणि ग्रामपंचायतीचाही आहे.

बेथेल उभारणारे गृहस्थ रेव्हरंड नारायण शेषाद्री. जन्माने देशस्थ ब्राह्मण, शिक्षण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत. 1843 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1854 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे 1860 च्या दशकात ते जालन्याला येऊन राहिले. त्या वेळी जालना निजामाच्या राज्यात होते आणि गावाशेजारी इंग्रजांची छावणी होती. रेल्वे नव्हती, मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गाडी सुरू व्हायला 1900 साल उजाडावे लागले. प्रवास बैलगाडीचा नाहीतर पायी. अशा ठिकाणी त्यांनी काम मांडले, आणि तेही प्रामुख्याने मांग म्हणून गावकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांमध्ये. आज आपण त्यांना मातंग समाज म्हणतो. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी जालन्याजवळ जमीन दिली, आणि त्या जमिनीवर घरे, विहिरी, शाळा आणि उपासनामंदिर असे गाव वसले. ‘बेथेल’ म्हणजे देवाचे घर. याकोब वाटेत धोंड्यावर डोके ठेवून झोपला, त्या जागेला त्याने हे नाव दिले, अशी बायबलातील कथा आहे.

एवढा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून आपण पाच गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट विश्वासाची. आणि ती नारायणरावांच्या यशातून नाही, त्यांच्या घरात झालेल्या कलहातून शिकायची आहे. 1843 सालीच त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. वय सुमारे बारा वर्षे. बाप कोर्टात गेला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मूल बापाच्या स्वाधीन करण्याचा हुकूम दिला. प्रकरण तेथे संपले नाही. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावर सगळी मुंबई पेटली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन मुलाला घ्यावे अशी बाजू घेतली, कर्मठांनी त्यांनाही सोडले नाही. या ओढाताणीत कोणाची बाजू खरी, हा वाद आज उकरून काढायचा नाही. पण त्या मुलाचा विचार करा. भाऊ एकीकडे, बाप दुसरीकडे, आणि मध्ये बारा वर्षांचे पोर.

तरुण पाळकहो, यातून एवढे धरून ठेवा की लेकराच्या मनावर कोणाचाही हक्क घाईने सांगायचा नसतो. आईबापांच्या माघारी मुलाला वळवणे, आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्याकडून शब्द घेणे, धान्याच्या पोत्याबरोबर धर्म देणे, यांनी हजेरीपटावर नावे वाढतात. मंडळी वाढत नाही. पन्नास वर्षांनंतरचे उलट उदाहरण पहा. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 साली. मधली वर्षे त्या घराने काय सोसले ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त हसतहसत आणि रडतरडत लिहून ठेवले आहे. पण निर्णय शेवटी त्यांचा स्वतःचा होता, म्हणूनच तो पक्का राहिला.

दुसरी गोष्ट पंगतीची. नारायणरावांचे जालन्याचे काम समजून घ्यायचे तर ही ओळ नीट ऐका : ब्राह्मणाघरी वाढलेला माणूस ज्यांची सावली टाळली जात होती त्यांच्यात राहायला गेला. याचे मोल त्या काळी काय होते? जालन्यात हे काम सुरू होण्याच्या काही वर्षे आधी, 1855 साली, पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई नावाच्या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. ज्या धर्मात आम्हाला जागा नाही तो आमचा कसा म्हणायचा, असा त्या मुलीच्या म्हणण्याचा रोख होता. हा प्रश्न फक्त एका धर्माला विचारलेला आहे असे समजून कोणी निश्चिंत बसू नये. जात ही मोठी चिवट वस्तू आहे. ती बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली जात नाही. दाराबाहेर चपलांबरोबर ठेवली असे वाटते आणि बाहेर पडताना पुन्हा पायात असते.

म्हणून आपल्या मंडळीत काय चालते ते पाळकाने स्वतः पाहावे. प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांच्या ओठांना लागतो का? की काही घरांची माणसे शेवटी येतात? लग्नाची बोलणी करताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच विचारला जातो का? पाळक कोणाकडे चहा घेतो आणि कोणाकडे ‘आत्ताच झाला हो’ म्हणून उठतो? लोक प्रवचन विसरतात, पण पाळकाने नाकारलेला चहा विसरत नाहीत.

तिसरी गोष्ट पोटाची. त्या काळी जो धर्म बदली त्याचे घर, शेत, बलुते सारे सुटे. 1850 सालच्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात जात सोडल्यामुळे वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद झाली खरी, पण जालना निजामाच्या राज्यात. शिवाय ज्यांच्याकडे वारशाला काही नव्हतेच, त्यांना त्या कायद्याचा काय उपयोग? दोर वळून, वाजंत्री वाजवून आणि गावाने घातलेल्या तुकड्यावर जगणाऱ्या माणसाला उद्याची भाकरी कोठली, हा पहिला प्रश्न. नारायणरावांनी त्याचे उत्तर जमीन, विहीर आणि शाळा या रूपात दिले. भिक्षा न देता जागा दिली, म्हणजे माणूस मान वर करून उभा राहील.

परंतु यात एक खाचही आहे, तीही सांगितली पाहिजे. जमीन दिवाणाच्या मेहेरबानीची. पैसा पुष्कळसा परदेशातल्या भाविकांचा. नारायणराव स्वतः दूरदूर फिरले. 1873 साली न्यूयॉर्कला ख्रिस्ती लोकांची मोठी जागतिक परिषद भरली तेथेही ते बोलले. दूरच्या पैशाने विहीर खणता येते, पण रोजचा पोहरा घरच्या माणसानेच ओढावा लागतो. त्याच सुमारास हेन्री व्हेन हे इंग्लंडात आणि रूफस अँडरसन हे अमेरिकेत सांगत होते की देशी मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण चालवावा आणि आपला प्रसारही आपणच करावा. अँडरसन 1854 साली अहमदनगरला येऊन गेले, आणि त्याच साली तेथे हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या देशी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

आजच्या पाळकाला यातून व्यवहाराचा धडा असा : मंडळीचा पैसा मंडळीपुढे मोजा. दानार्पणाची थैली एकट्याने घरी नेऊ नका. दोन माणसे मोजतील, तिसरा वहीत लिहील, आणि महिन्याच्या शेवटी वही सर्वांना वाचून दाखवली जाईल. रक्कम वीस रुपये असो की वीस हजार. ज्या बाईने शेंगा तोडून मिळालेल्या मजुरीतून नाणे टाकले, तिला त्याचा हिशेब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तिने मागण्याआधी तो देणे हे पाळकाचे काम आहे. किती चांगल्या मंडळ्या मोडल्या, त्या मतभेदाने नव्हे, न लिहिलेल्या हिशेबाने मोडल्या!

चौथी गोष्ट भाषेची. निजामाच्या राज्यात दरबारी कामकाज आधी फारशीत, मग उर्दूत. मराठी माणसाला त्याच्याच गावचा सरकारी कागद वाचता येत नसे. अशा मुलखात मराठीतून अक्षर शिकवणारी शाळा म्हणजे किती मोठी गोष्ट, हे शिक्षकबंधूंना सांगायला नको. मराठीची ख्रिस्ती परंपरा तर त्याहून जुनी आहे. फादर स्टीफन्स हे इंग्रज, पण त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राचोलला छापले गेले ते अस्सल मराठी ओवीत. पुढे टिळकांनी शेकडो गीते रचली, ती आजही उपासनेत गायली जातात. नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा फड ख्रिस्ती कथेसाठी वापरला.

तेव्हा परक्या चालीचे, परक्या शब्दांचे आणि भल्यामोठ्या कर्ण्याचे वेड घेऊ नका. आजीला जे भजन टाळ धरून म्हणता येते, ते नातवाने मोबाईलवर ऐकलेल्या गाण्यापेक्षा कमी नाही. प्रवचन पंधरा मिनिटे करा, पण आदल्या रात्री दोन तास वाचा. आणि शेजारच्या वाड्यात दिंडी उतरली असेल तर पाण्याचा हंडा घेऊन जा. मंडळी गावात राहते, बेटावर नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड. ती आहे बाजूला होण्याची. नारायण शेषाद्री 1891 साली वारले. ज्याने जागा मागितली, गाव आखले, पैसा आणला, भांडणे मिटवली, तो माणूस गेला की त्या गावाचे काय होते, याचा विचार प्रत्येक कर्त्या माणसाने हयातीतच केला पाहिजे. वरची नावे तर बदलतच राहतात. स्कॉटलंडची फ्री चर्च 1900 साली दुसऱ्या एका मंडळीशी मिळाली. 1924 साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. राज्यही पालटले : 1948 साली निजामशाही गेली, 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, आणि 1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पाट्या एवढ्या वेळा रंगवल्या गेल्या, तरी रविवारी सकाळी दार उघडणारे, सतरंजी अंथरणारे आणि दिवा लावणारे हात गावातलेच. मंडळी म्हणजे तेच हात.

म्हणून पाळक झाल्याच्या पहिल्या वर्षापासून आपल्यामागे कोण, हे पाहून ठेवा. दोन तरुणांना वाचन करायला लावा. बायकांना फक्त चहाची व्यवस्था देऊ नका, पंचांत जागा द्या. कोणी चुकले तर चारचौघांत ओरडू नका. आधी एकट्याला घरी जाऊन भेटा. आणि स्वतः चुकलात तर मात्र चारचौघांत कबूल करा. पाळकाला कोणी ‘तुम्ही चुकलात’ म्हणू शकत नाही ती मंडळी वरून कितीही गजबजलेली दिसो, आतून आजारी आहे असे समजा.

जाता जाता एका दुखण्याचा उल्लेख करतो. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. त्यामुळे कित्येक घरांत कागदावर एक आणि मनात एक अशी ओढाताण असते. मुलीची शिष्यवृत्ती की आजोबांची प्रार्थना, असा पेच आईबापांपुढे पडतो. यावर कायद्याने काय व्हावे ते कोर्ट आणि संसद पाहतील. पाळकाने एवढेच पाहावे की अशा घराला व्यासपीठावरून टोमणा मारला जाणार नाही. ज्याचे पाऊल अडखळले आहे त्याला हात द्यायचा असतो; बोट दाखवायला सारे गाव आहेच.

शिक्षकहो, आपल्या गावाशेजारी अशी एखादी जुनी वसाहत, जुनी शाळा, जुने दफनस्थान असेल तर मुलांना तेथे घेऊन जा. ते कोणत्या धर्माचे, हे आधी विचारू नका. दगडावरचे साल वाचायला सांगा, विहीर कोणी खणली ते म्हाताऱ्यांना विचारायला सांगा. इतिहास दिल्लीत आणि पुण्यातच घडला असे नाही; तो जालन्याच्या शिवारातही घडला.

आणि तरुण पाळकहो, याकोबाला बेथेलमध्ये उशाला धोंडाच मिळाला होता. तुम्हालाही पहिली नेमणूक अशाच एखाद्या ठिकाणी मिळेल : छप्पर गळते, माणसे थोडी, त्यांतली निम्मी रुसलेली. तेव्हा कंटाळू नका. सकाळी उठून आधी अंगण झाडा, मग रुसलेल्यांपैकी सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या घरी जा आणि त्याने चहा ठेवला तर नको म्हणू नका.