पांढऱ्या सोन्याची चित्रे

सोन्यामागे माणसे कशी धावली ह्याच्या कथा आपण शाळेत वाचलेल्या आहेत. 24 जानेवारी 1848 रोजी कॅलिफोर्नियात सटर नावाच्या गृहस्थाच्या लाकूड कापण्याच्या गिरणीपाशी जेम्स मार्शल यास सोन्याचे कण दिसले, आणि पुढील वर्षी देशोदेशीच्या माणसांचे लोंढे तिकडे लोटले. 1851 मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट येथेही तोच प्रकार झाला. पुढे सोने सरले, माणसे पांगली. पण चित्रे उरली. तेथील खाणकऱ्यांची रेखाटने एस. टी. गिल नावाच्या चित्रकाराने 1852 मध्ये शिळाछापावर छापून विकली. सटरची गिरणी नाहीशी झाली, तर तिची प्रतिकृती लोकांनी आवर्जून उभारली. प्रवासी ती पाहतात आणि परतताना तिचे एखादे चित्र आठवण म्हणून नेतात.

अशी धाव आमच्या खानदेशातही एकदा झाली. मात्र ते सोने पांढरे होते.

1861 च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि साऱ्यांची दृष्टी मुंबईकडे वळली. भाव असे चढले की, काळ्या जमिनीचा धनी ज्वारी-बाजरी बाजूला सारून कापूस पेरू लागला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ खानदेशातून पुढे सरकत होते. त्यामुळे जळगाव ही कापसाची मोठी पेठ होऊन बसली. लोभही मागे राहिला नाही. कापूस ओला करून वजन वाढवावे, त्यात सरकी आणि माती मिसळावी, असे प्रकार इतके बोकाळले की 1863 मध्ये त्यासाठी मुंबई सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला! वऱ्हाड-नागपूरकडे तर कुणब्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी आख्यायिका आहे. ती खरी की खोटी, हा वाद मी घालीत नाही. लोकांना ती खरी वाटली, एवढ्यावरून त्या दिवसांची कल्पना येते.

1865 च्या एप्रिलात युद्ध संपले आणि भाव कोसळले. 1 जुलैस मुंबईच्या शेअरबाजारात सौदे पुरे करण्याचा दिवस उजाडला, तेव्हा भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. जळगावासही मोठा फटका बसला. परंतु आगगाडीच्या आधाराने ते सावरले, आणि पुढच्या दशकात येथे कापसाची गिरणीही उभी राहिली.

त्या पैशाची चित्रे कोठे आहेत, म्हणून विचाराल तर ती मुंबईस आहेत. प्रेमचंद रायचंद शेठजींनी ह्याच तेजीच्या काळात विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी 2 लक्ष रुपये दिले व त्यास आपल्या मातोश्रींचे नाव दिले. 1869 ते 1878 ह्या काळात बांधलेला हा 280 फुटांचा राजाबाई मनोरा पुढे असंख्य पोस्टकार्डांवर छापला गेला. ते कार्ड विकत घेणाऱ्याला कोठून ठाऊक असणार की, गुजरात-वऱ्हाडाप्रमाणे त्या दगडांत आमच्या काळ्या मातीचाही वाटा आहे?

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. बॅलरॅटचा तो गिल चित्रे विकीत होता, तेव्हा रॉबर्ट गिल नावाचा दुसरा एक गिल जळगावापासून अवघ्या 60 किलोमीटरांवर अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भिंतीवरील चित्रांच्या नकला करीत होता. कंपनी सरकारने 1844 मध्ये त्याची ह्या कामी नेमणूक केली होती. त्याच्या श्रमाची बहुतेक फळे 1866 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळून गेली. 1879 मध्ये तो वारला. त्याचे थडगे आमच्या भुसावळास आहे. अजिंठ्याला असा भक्त लाभला. कापसाच्या गाड्यांना लाभला नाही.

आमच्या शेतकऱ्याने आठवण ठेवली ती दागिन्याच्या रूपाने, गोठ-पाटल्यांच्या रूपाने. परंतु पाऊस चुकला की दागिना सराफाकडे जाई आणि मुशीत वितळे. मग आठवण कसली उरणार? धुळ्यास 1927 पासून राजवाडे संशोधन मंडळ जुनी दप्तरे व मूर्ती जपत आले आहे, ही आम्हांस भूषणावह गोष्ट होय. तथापि इतिहास म्हणजे बखर, ताम्रपट आणि मूर्ती, असा आम्हा शिकलेल्यांचा समज झालेला आहे. जिनाचे धुराडे त्यात बसत नाही.

ह्या समजापासून मीही मुक्त नव्हतो. शाळेत असताना मी एकदा मुलांना ‘आपल्या भागाची खूण’ ह्या विषयावर चित्र काढावयास सांगितले. बहुतेकांनी अजिंठ्याचे पद्मपाणीचे चित्र पुस्तकात पाहून काढले. शेवटच्या बाकावरील एका मुलाने मात्र आमच्या गावच्या जिनाचे धुराडे काढले होते. खाली कापसाच्या गाठी, बैलगाड्या, आणि तराजूपाशी उकिडवा बसलेला एक म्हातारा. तो माझा आजा, असे त्याने मला सांगितले. मी ‘विषय सुंदर नाही’ असा शेरा मारून त्यास 100 पैकी 35 गुण दिले. पुढे काही वर्षांनी ते धुराडे पाडण्यात आले. विटा वाहून गेल्या, लोखंड भंगारात गेले. त्या जिनाचा फोटो गावात कोणापाशीच निघाला नाही. ते चित्र तरी असेल म्हणून मी त्या मुलाचे घर गाठले. तो आता चांगला पन्नाशीचा गृहस्थ झाला आहे. त्याने चहा दिला, जुनी पेटी उघडून दाखवली, आणि संकोचाने म्हणाला, “गुरुजी, ते मी त्याच दिवशी फाडून टाकले होते.”